नकाराधिकार, एकमत की बिनविरोध?

फोंड्याहून : या धाग्यावर मराठी शब्दांविषयी विचारतोय. बारावीच्या वर्गात युरोपीय संघ शिकवताना फळ्यावर ‘नकाराधिकार’ (व्हेटो) लिहिलं. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, माल्टाची वस्ती गोव्याच्या निम्म्याहून कमी. एवढ्याशा देशाला सगळ्यांना थांबवायचा अधिकार दिला कुणी?” तिचा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टावर लिस्बनला गेलाय, घरात हे विषय निघतात.

उत्तर देता देता जाणवलं, घोळ शब्दाने घातलाय. असा अधिकार माल्टाला वेगळा काढून कुणी दिलेला नाही. परराष्ट्र धोरण, कर, नव्या देशाचा प्रवेश अशा बाबी एकमतानेच ठरवायच्या, एवढंच संघाच्या करारात आहे. एक जण ‘नाही’ म्हणाला की एकमत होत नाही आणि विषय तिथेच राहतो. ‘नकाराधिकार’ म्हटलं की कुणाच्या तरी हातात दिलेली काठी दिसते. म्हणून मी ‘एकमताची अट’ म्हणायचं ठरवतोय.

दुसरा शब्द बहुमताचा. बाकीच्या बहुतेक बाबतींत २७ पैकी किमान १५ देश हवेत आणि त्या देशांत संघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या हवी. याला ‘पात्र बहुमत’ म्हटलेलं वाचलं. त्यातून काहीच कळत नाही. ‘विशेष बहुमत’ म्हणावं तर आपल्या घटनेतलं दोन-तृतीयांश आठवतं. देशही मोजायचे आणि माणसंही, म्हणून ‘दुहेरी बहुमत’ कसं वाटतं?

पेडण्याहून : सर, ‘दुहेरी बहुमत’ पटलं. ‘एकमत’ नाही पटलं. एकमत म्हणजे सगळ्यांचं मत एक. तिथे तटस्थ राहणारा देश असला तरी ठराव होतो ना? मग ते ‘बिनविरोध’ झालं. आमच्या देवळाच्या महाजनांच्या बैठकीत मी वीस वर्षं इतिवृत्त लिहितोय. ‘सर्वानुमते’ आणि ‘बिनविरोध’ यांत किती अंतर असतं, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. गप्प बसलेले चेहरे मी पाहिलेत, आणि खाली ‘सर्वानुमते’ लिहिताना हात अडखळलाय.

अडवणाऱ्यासाठी मात्र आपल्याकडे जुना, नेमका शब्द आहे : मोडता. ‘त्याने मोडता घातला.’

फोंड्याहून : भाई, ‘बिनविरोध’ अगदी बरोबर! डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनशी प्रवेशाची बोलणी सुरू करायची की नाही यावर हंगेरीचे पंतप्रधान ओर्बान विरोधात होते. ठरायच्या वेळी ते खोलीबाहेर गेले आणि उरलेल्या २६ जणांनी ठरवून टाकलं. याला एकमत म्हणवत नाही, बिनविरोध म्हणता येतं. (त्याच बैठकीत युक्रेनच्या ५० अब्ज युरोंच्या मदतीला मात्र त्यांनी मोडता घातला. ती फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झाली.)

आणि गंमत अशी की दुहेरी बहुमतात हेच मौन उलटं पडतं. तिथे बाजूने पडलेली मतंच मोजतात, त्यामुळे तटस्थ राहिलेला देश विरोधकांच्याच पारड्यात जातो. ‘मौनं सम्मतिलक्षणम्’ एका नियमात खरं, दुसऱ्यात खोटं. हे मी उद्या वर्गात सांगणार.

मडगावहून : ‘नकाराधिकार’ हा शब्द मोडीत काढू नका. सुरक्षा परिषदेसाठी तो हवाच, कारण तिथे तो पाचच देशांकडे आहे. म्हणजे खरोखर दिलेला आहे. आणि गोंयकाराने तर तो विसरू नये. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारताने सैन्य मागे घ्यावं असा ठराव परिषदेत आला. बाजूने ७, विरोधात ४. अकरा जणांच्या परिषदेत ७ मतं पुरेशी होती, बहुमत आपल्या विरुद्ध गेलं होतं. सोव्हिएत संघाच्या एका ‘नाही’ने ठराव पडला आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. माझ्या आजोबांनी तो शब्द कृतज्ञतेने उच्चारलेला मी ऐकलाय.

फोंड्याहून : बाय, मान्य. मोजक्यांकडे असेल तेव्हा ‘नकाराधिकार’, सगळ्यांनाच सारखी लागू असेल तेव्हा ‘बिनविरोधाची अट’. वहीत असंच लिहितो.

डिचोलीहून : बहुमताबद्दल एक सांगते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आमच्या घरची मतं फुलाला, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायला गेली. १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१. वडील दोन दिवस धड जेवले नाहीत, असं आई सांगायची. तिसऱ्या दिवशी दोन पानांवाल्या, म्हणजे गोवा वेगळा ठेवायला मत दिलेल्या शेजाऱ्याच्या माटवाला (मांडवाला) गेले. हरूनही ते मानलं, कारण शेजारी आपलाच होता. माल्टाला किंवा हंगेरीला बाकीचे २६ ‘आपले’ वाटतात का, त्यावर तिथे कुठला नियम चालेल ते ठरतं, असं मला वाटतं. आणि ‘कौल’ या शब्दाचंही बघा. देवाला पाकळ्या लावून मागतो तोही कौलच. तिथे मतं मोजत नाहीत. उजवी पाकळी पडायची वाट बघतात.

पेडण्याहून : कौलावर वेगळा धागा काढा, बाय. आमच्याकडे त्याला ‘प्रसाद’ म्हणतात, आणि दोन्ही शब्द कुठे कसे वापरतात ते मला विचारायचंय.