७४ व्या वर्षी ईजीएफआर (किडनीचा रक्त गाळण्याचा अंदाजे वेग) ५३. हा आजार की वय?

सरळरेघ: वडिलांचा रिपोर्ट आलाय. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.४, ईजीएफआर ५३. तीन महिन्यांपूर्वीही एवढंच होतं. लघवीत अल्ब्युमिन (किडनी बिघडली की गळणारं प्रथिन) नाही, बीपी ठीक. तरी शेरा 'क्रॉनिक किडनी डिसीज, स्टेज ३ए'. तेव्हापासून वडील स्वतःला पेशंट समजायला लागलेत. चाळिशीनंतर गाळण्याचा वेग वर्षाला साधारण १ ने उतरतोच. मग ज्याखाली आजार म्हणतात ती ६० ची रेघ तिशीतल्यालाही तीच आणि सत्तरीतल्यालाही तीच? पासष्टीनंतर ती ४५ वर आणा, असं म्हणणारे किडनीतज्ज्ञही आहेत. मला पटतं.

कडूकाढा: मला नाही पटत. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या वार्धक्यावरच्या दीर्घकालीन अभ्यासात साधारण एक तृतीयांश लोकांची घसरण झालीच नव्हती. म्हणजे 'वयच आहे' हे उत्तर सगळ्यांना लागू नाही. आमच्या आजीला असंच 'वयाचं आहे' म्हणून सोडलं. दोन दिवस जुलाब, त्यात गुडघ्यासाठी आयब्युप्रोफेन ही किडनीवर ताण आणणारी वेदनाशामक गोळी चालूच. क्रिएटिनिन १.३ वरून थेट ४. शेरा असता तर ती गोळी कुणी दिली नसती.

सरळरेघ: गोळी थांबवायला ५३ हा आकडा पुरेसा आहे की! त्यासाठी धडधाकट माणसाला रोगी कशाला ठरवायचं?

कडूकाढा: आकडा कोण बघतं हो? शेरा बघतात.

आतलीगोष्ट: तुम्ही दोघंही ५३ ला ब्रह्मवाक्य मानताय. तो मोजलेला नाही, क्रिएटिनिन, वय आणि लिंग सूत्रात घालून काढलेला अंदाज आहे. हेच १.४ तीस वर्षांच्या पुरुषाचं असतं तर उत्तर ६९ च्या आसपास आलं असतं. शिवाय क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. म्हातारपणी अंग उतरलं की ते कमी दिसतं आणि किडनी आहे त्याहून बरी वाटते. सिस्टॅटिन-सी (स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्तचाचणी) करून घ्या, मग भांडा. (भांडण चांगलं चाललंय, थांबवत नाही.)

सरळरेघ: करतो. पण अल्ब्युमिन नसताना ५३ ला आजार म्हणणार नाही, यावर ठाम आहे.

आतलीगोष्ट: अल्ब्युमिनचा मुद्दा मान्य, ते असतं तर मीही घाबरलो असतो. रात्री किती वेळा उठतात?

सरळरेघ: तीनदा. म्हणून त्यांनी दिवसभराचं पाणीच निम्मं केलंय.

कडूकाढा: अहो, ते आधी थांबवा! वयाबरोबर किडनीची लघवी दाट करायची ताकद जाते, म्हणून उठावं लागतं. तहानही कमी लागते. निम्म्या पाण्यावर एक दिवस जुलाब झाले की आमच्या आजीची गोष्ट तुमच्या घरी.