फेरीचे पैसे की तासाचे? गेटवर उभ्या गाडीत बसलेल्या ड्रायव्हरचा पगार कोण देणार

(टोपणनावांनी चाललेली चर्चा)

व्हाउचरवाला

कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी हिशोब लिहितो. ड्रायव्हर फेरी करून आला की समोर बसतो, खिशातून चुरगळलेल्या पावत्या काढतो, मी त्या व्हाउचरवर चढवतो. गेल्या आठवड्यातली एक फेरी सांगतो. चौदा टायर. चाकणला भरली, सोमवारी रात्री निघाली, तामिळनाडूत होसूरला एका कारखान्याच्या गेटवर बुधवारी सकाळी सातला लागली. खाली झाली शुक्रवारी दुपारी दोनला. स्टिअरिंगवर साधारण २५ तास, गेटवर ५५. फेरीचे साडेपाच हजार ठरले होते, तेवढेच मिळाले.

आमच्या व्हाउचरवर डिझेल, युरिया (धूर साफ करायला गाडीत घालतात तो), पंक्चर, हमाली, भत्ता, सगळ्याला रकाना आहे. ह्या वेळी एक नोंद होती, ‘बूट ५०’. हे काय, तर सेफ्टी बुटाशिवाय गेटच्या आत सोडत नाहीत, आणि समोरच्या पानटपरीवर ते भाड्याने मिळतात. आधीच्या माणसाच्या घामाने ओले होते, म्हणाला, आणि एक नंबर लहान. टोल हल्ली फास्टॅगमधून परस्पर कापला जातो, त्यामुळे टोलचा रकाना रिकामाच राहतो. त्यात मी लिहिलं, ‘गेट, ५५ तास’. मालकांनी बूट मंजूर केले, ५५ तास खोडले.

माझं म्हणणं असं की फेरीवर पैसे देणं बंद करा. तासावर द्या, आणि गाडी उभी असलेले तासही धरा. जिकडे तिकडे रड चालू आहे की ड्रायव्हर मिळत नाहीत. अहो, फेरीचे पैसे म्हटले की थांबण्याचा सगळा तोटा ड्रायव्हरच्या अंगावर येतो. गेटवर गेलेले दोन दिवस तो परतीच्या रात्रीत झोपेतून वसूल करतो. खंबाटकीच्या उतारावर पहाटे चारला काय झालं ते पेपरात येतं, त्याच्या आधी गेटवर काय झालं होतं ते येत नाही.

दोन गाड्या एक कर्ज

खोडणारा मालक वाईट, हे पंख्याखाली बसून लिहायला बरं आहे. माझ्या दोन गाड्या आहेत. दुसरीचा हप्ता महिन्याच्या ७ तारखेला कापला जातो, गाडी गेटवर असो नाहीतर गॅरेजला. भाड्यातलं निम्मं डिझेलला जातं. पार्टी पैसे सोडते साठ दिवसांनी, पंपवाला थांबतो पंधरा. मधले पंचेचाळीस दिवस मी कसे काढतो ते कुठल्या व्हाउचरवर लिहू?

बिल्टीच्या, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीच्या, मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं, २४ तासांनंतर हॉल्टिंग (गाडी थांबवल्याचे पैसे) लागू. एकदा मागून बघितलं. दलाल म्हणाला, मिळेल की, पण पुढचं भाडं दुसऱ्याला देतो.

आणि तासाचा पगार? मागच्या पावसाळ्यात एकाने माझी गाडी कर्नाटकात तुमकूरजवळ ढाब्यावर नऊ तास लावली. फोन केला तर म्हणे घाटात जाम आहे. तुमकूरला कुठला घाट? जीपीएसवर गाडी उभी दिसते, का उभी आहे ते दिसत नाही. तासावर पैसे द्यायला लागलो तर रस्त्यातला प्रत्येक ढाबा घाट होईल.

डॉक नंबर चार

मी पलीकडच्या बाजूचा. एका कारखान्यात माल उतरवून घ्यायचं काम बघतो (होसूरचा नाही, आधीच सांगतो). आमच्याकडे डॉक, म्हणजे गाडी खाली करायचे फलाट, चार, रोज तीस गाड्या खाली होतात. महिन्याच्या २६ तारखेपासून साठ येतात, कारण प्रत्येक सप्लायरला बिल त्याच महिन्यात बसवायचं असतं. मंगळवारची वेळ दिलेली गाडी रविवारीच येऊन उभी राहते. ते दोन दिवसही आमच्या नावावर का? एकाच्या इनव्हॉइसवर आकडा चुकलेला, एकाचं ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा कागद) संपलेलं. आणि बुटांचं म्हणाल तर फोर्कलिफ्टखाली कुणाचा पाय आला की पोलीस आधी मला शोधत येतात.

व्हाउचरवाला

ई-वे बिलाचं तुम्हीच काढलंत ते बरं झालं. दर २०० किलोमीटरला एक दिवस, असा त्याचा नियम. म्हणजे चाकण-होसूरला सरकार मालाला पाच दिवस देतं. ड्रायव्हरला आम्ही दीड देतो. माल दमतो असं सरकारला वाटत असावं.

कायदा नव्हता असंही नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, लांब पल्ल्याला अटींसह दिवसाला १० तासांपर्यंत, आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असं लिहिलेलं होतं. आता तो नव्या श्रमसंहितेत गेला. पण मेख अशी होती की पाच किंवा जास्त कामगार असले तरच तो लागू. आमच्या मालकांच्या अकरा गाड्या. चार त्यांच्या नावावर, तीन वहिनींच्या, तीन मेहुण्याच्या आणि एक अजून वारलेल्या काकांच्या.

दोन गाड्या एक कर्ज

२०० किलोमीटरचा नियम कागदाच्या मुदतीचा आहे हो, गाडीच्या वेगाचा नाही. मुदत संपायच्या आठ तास आधी किंवा संपल्यावर आठ तासांत वाढवूनही मिळते. हिशोब लिहिणाऱ्याने एवढं तरी धरावं.

रॉटरडॅमकर

मी नेदरलँड्समध्ये राहतो, काम कॉम्प्युटरचं, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. इथे साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबावंच लागतं. दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १० चालतात. गाडीतला टॅकोग्राफ सगळं नोंदवतो. ४५ तासांची आठवड्याची सुट्टी केबिनमध्ये झोपून काढायलासुद्धा बंदी आहे. गडकरींनी २०२१ मध्ये वैमानिकांसारखे ट्रक ड्रायव्हरचेही तास ठरवायची गोष्ट काढली होती. यंत्र बसवून टाका, ढाबा की घाट हे भांडणच मिटेल.

कसारा सेकंड गिअर

रॉटरडॅमकर साहेब, यंत्र थांब म्हणालं आणि मी कसाऱ्यात असलो तर थांबू कुठं? ३१ वर्षं गाडी मारली, आता गुडघ्याने घरी बसवलंय. उघड्यावर गाडी लावून झोपायचं तर टाकीच्या अंगाला डोकं करून झोपायचं. डिझेल काढणारे इतक्या हलक्या हाताने नळी घालतात की कुत्रं भुंकत नाही. टाकीला जाळी लावली तर जाळी कापतात. सकाळी दीडशे लिटर कमी भरलं की मालक म्हणणार, तूच विकलंस. तेव्हा आधी दिवा आणि राखणदार असलेली पार्किंगची जागा द्या, मग यंत्र बसवा.

सगळं वाईटच झालंय असंही मी म्हणणार नाही. मुलुंडच्या आणि दहिसरच्या जकात नाक्यावर रात्री काढलेली माणसं आम्ही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, ते एक मरण टळलं.

खरं बिघडलं ते किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, काढला तेव्हा. मी उस्तादाच्या हाताखाली तीन वर्षं ताडपत्री बांधली, टायरवर लोखंड मारून आवाजावरून हवा ओळखायला शिकलो, मग कुठे रिकामी गाडी हातात मिळाली, तीही खालच्या सपाट रस्त्याला. मालकांनी भत्ता वाचवायला किन्नर बंद केला. आता एकटा माणूस नऊशे किलोमीटर जातो. रिव्हर्स घेताना मागे उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारं कुणी नाही. आणि पुढचा ड्रायव्हर जिथं तयार व्हायचा ती जागाच गेली. शाळा मोडायची आणि मास्तर मिळत नाहीत म्हणून ओरडायचं.

तासाचा पगार मलाही नको. रिक्षाचं मीटर लावल्यासारखं होईल. गेटवरच्या दिवसाचा भत्ता दुप्पट करा, संपलं.

लेन तोडू नका

सगळं कबूल. पण बोरघाटात उजव्या लेनमध्ये तीसच्या वेगाने दुसऱ्या ट्रकला ओव्हरटेक करणारा ड्रायव्हर कुठल्या गेटवर थांबून आला होता?

कसारा सेकंड गिअर

भरलेली गाडी चढाला एकदा दुसऱ्यात आली की पुन्हा तिसरा घेत नाही, म्हणून पुढची मंद गाडी दिसली की हात आपोआप उजवीकडे वळतो. तरी उजवी लेन आमची नाही, हे तुमचं खरं. मी कान पकडतो, बाकीचे पकडणार नाहीत.

शुक्रवारची फेरी

एक मुद्दा राहतोय. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मोठ्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली. चांगल्या गोष्टीही लिहा की. आणखी काय गादी-तक्के हवेत?

व्हाउचरवाला

एसी इंजिनावर चालतो. गेटवर ‘इंजिन बंद ठेवा’ अशी पाटी असते, आणि उभ्या गाडीत डिझेल जळलं की मालकाच्या मोबाईलवर लगेच वाजतं. म्हणजे गाडी पळते, वारा लागतो, तेव्हा एसी. मे महिन्यात दुपारी गेटवर पत्रा तापतो तेव्हा काच खाली आणि गळ्यात ओला पंचा.

गेट नावाचं गाव

आमचं गाव जतकडचं. बाबा ड्रायव्हर होते. फोन आला की आई विचारायची, कुठं आहात? ते म्हणायचे, गेटवर. मी सहा-सात वर्षांची होईपर्यंत गेट हे एखाद्या गावाचं नाव आहे असं समजत होते. मोठं असणार, कारण बाबा कायम तिथंच.

व्हाउचरवाला दादा, तुमची कळकळ कळते, पण तुमच्या मागणीला माझा विरोध आहे. उभं राहण्याचे पैसे मिळायला लागले की उभं राहणं कायमचं होईल. कारखाना तेवढे पैसे फेकेल आणि मोकळा होईल, बाबा गेटवरच. आम्हाला ५५ तासांचे पैसे नको होते हो. बेंदराला (आमच्याकडचा बैलांचा सण) येतो म्हणालेला माणूस पंचमीला यायचा. घरी आले की पहिला दिवस झोपण्यात जायचा आणि दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन.

ड्रायव्हर बदलत जायची पद्धत काही जण वापरतात. प्रत्येकाने आपला चार-पाच तासांचा टप्पा मारायचा, गाडी पुढच्याच्या ताब्यात द्यायची, उलट दिशेच्या गाडीने रात्री घरी. ते मागा ना. पैशाचं काय घेऊन बसलात?

दोन गाड्या एक कर्ज

ताई, शंभर गाड्यावाल्यांना ते जमतं. माझ्या दोन गाड्यांना एक ड्रायव्हर धड मिळत नाही, टप्प्याटप्प्याला पाच कुठून आणू?

व्हाउचरवाला

ताई, बेंदराचं माझ्याकडे उत्तर नाही. पण पैसे लागले की कारखाना फेकून मोकळा होईल, हे मला पटत नाही. पैसे लागले की घड्याळ बघतो. आज त्याला उभी गाडी फुकट आहे, चाकावरचं गोदामच म्हणा ना. जागेचं भाडं नाही, राखणदाराचा पगार नाही, राखायला ड्रायव्हर बसलेलाच. २०२४ च्या जानेवारीत हिट अँड रनच्या नव्या कलमावरून गाड्या दोन दिवस थांबल्या, तर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकार रात्रीत बोलणीला बसलं. उभ्या गाडीची किंमत तेव्हा सगळ्यांना कळली होती. तीच गाडी गेटवर उभी असली की शून्य.

आणि त्याच गेटच्या आत, निदान आपल्याकडे महाराष्ट्रात, माल उतरवणाऱ्याला १९६९ च्या माथाडी कायद्याचं कवच आहे. मिळालंच पाहिजे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण त्याच मालाला दोन दिवस राखत बसलेल्याला का नाही?

कसारा सेकंड गिअर

वर वाराई, म्हणजे माल उतरवायची मजुरी, ड्रायव्हरकडूनच घेतात. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ असं गाडीच्या मागे लिहून फिरलो किती वर्षं. मागच्या गाडीवाल्यांनी वाचलं, बाकी कुणी नाही.

डॉक नंबर चार

व्हाउचरवाल्यांच्या घड्याळाबद्दल एक सांगतो. आमच्याकडे येणारा एक मोठा ट्रान्सपोर्टर आहे, त्याच्या करारात हॉल्टिंग पक्कं लिहिलेलं आहे आणि तो ते वसूलही करतो. त्याच्या गाड्या आम्ही आधी घेतो. टोकन, म्हणजे रांगेतला नंबर, काहीही असो. वरूनच तशी सूचना आहे. (हे लिहायला नको होतं बहुतेक.)

दोन गाड्या एक कर्ज

म्हणजे टोकन ४१ ची माझी गाडी ६३ च्या मागे का जाते, ते आज कळलं. मी तिकडे ड्रायव्हरलाच शिव्या घालत होतो, झोपला असशील म्हणून.

व्हाउचरवाला

मग आता तरी बिल्टीवर पोचल्याची वेळ लिहून गेटचा शिक्का मागा. पैशाचं नंतर बघू. आधी निदान वेळ कागदावर येऊ दे.

दोन गाड्या एक कर्ज

शिक्का कोण देतंय? सिक्युरिटीवाला म्हणतो, शिक्का गाडी आत आल्यावरच. आत येईपर्यंत तुम्ही आलेलेच नाही.

बरं, विषय सोडून विचारतो. उद्या माझी एक गाडी तळेगावला भरून उभी आहे, ड्रायव्हर गावी गेलाय लग्नाला. तुमच्या ऑफिसात कुणी बदली आहे का? भत्ता शंभर जास्त देतो.

व्हाउचरवाला

आहे एक. पण तो आधी एकच विचारतो, गाडी खाली कुठं करायची आहे.

दोन गाड्या एक कर्ज

होसूर.

व्हाउचरवाला

विचारलं. फोन ठेवला त्याने.