'काहीही चालतं'च्या पुढे काय? अनुभव सांगा

कॉलेजातल्या मुलांशी गाण्यांवर बोलायला गेलं की माझी गाडी पहिल्याच प्रश्नाला अडते. "तुला कसली गाणी आवडतात?" "काहीही चालतं." खेळ खलास. तुमचं कसं जमतं? फजितीही लिहा, उलट तीच आधी लिहा.

*

शिकवते, म्हणून रोजचा सराव आहे. 'आवडतं काय' हा प्रश्न तोंडी परीक्षेसारखा वाटतो त्यांना. मी विचारते, "लागोपाठ चार वेळा कोणतं गाणं ऐकलंस शेवटचं?" एकाने उत्तराऐवजी एका कानातला इअरफोन काढून शर्टाला पुसला आणि माझ्या हातात ठेवला. गाणं कोरियन. "शब्द कळतात?" "नाही ना मॅडम, म्हणून तर अभ्यासाला लावतो. कळले की लक्ष तिकडे जातं." मी गप्प!

*

लेकीला माझी जुनी सी-90 कॅसेट सापडली. एका बाजूला 45 मिनिटं, हे सांगितल्यावर पहिला प्रश्न: "आणि गाणं स्किप कसं करायचं?" अंदाजाने फॉरवर्ड दाबायचं, पुढे गेलं की मागे यायचं. त्यापेक्षा नावडतं गाणं ऐकून घेणं परवडायचं, आणि विसाव्यांदा ते आवडायलाही लागायचं. यावर ती म्हणाली, "बाबा, स्पॉटिफायवर 30 सेकंद वाजलं की ते ऐकलं म्हणून मोजतात. तेवढ्यात पकडलं नाही तर गेलं." म्हणजे घाई गाण्यालाही आहे तर. आठवड्याभराने तिने मला प्लेलिस्ट पाठवली, नाव 'साइड ए'. बरोब्बर 45 मिनिटांची. तिसरं गाणं भयंकर आहे. पुढे ढकलायची मनाई आहे.

*

भाच्यासमोर ऐटीत म्हणालो, "हो, ऐकलीय मी, छान गाते." पाच मुलांचा बँड निघाला.

*

मी दुसऱ्या वर्षाला आहे, पलीकडची बाजू सांगतो. 'काहीही चालतं' म्हणतो, कारण नाव घेतलं की पुढचं वाक्य पाठ असतं: आमच्या वेळी शब्दांना अर्थ होता. शिवाय प्लेलिस्ट म्हणजे जवळजवळ डायरीच. ब्रेकअपची, परीक्षेची, रात्री झोप न येण्याची. ती काकांच्या हातात कोण देईल? आजीने मात्र एकदा नुसतं "लाव रे काहीतरी" म्हटलं आणि डोळे मिटून बसली. तिला तीन गाणी ऐकवली. मधल्यावर तिचं बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरत होतं.

*

धागाकर्ती: आज भाचीला काहीच विचारलं नाही, फक्त "लाव" म्हटलं. अजून वाजतंय.