परदेशात राहतेय, भारतातल्या बँकेच्या कार्डावर फ्रॉड झाला, पैसे परत मिळवायला नक्की काय करू?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी, डोकं अजून ठिकाणावर नाहीये त्यामुळे लिहिताना मागेपुढे होईल, सांभाळून घ्या.

मी चार वर्षांपासून भारताबाहेर राहते. भारतातल्या बँकेत माझं एनआरई खातं (परदेशातली कमाई ठेवायचं, अनिवासी भारतीयांचं खातं) आहे, त्याचं डेबिट कार्ड इथे माझ्याजवळच असतं पण वापर जवळजवळ शून्य, पाकिटाच्या आतल्या कप्प्यात पडून असतं. शुक्रवारी रात्री पाणी प्यायला उठले तर फोनवर बँकेचे सात ईमेल. पहिला व्यवहार अगदी किरकोळ रकमेचा, कुठल्यातरी वेबसाइटवर जिचं नावही धड वाचता येत नाही. त्यानंतर अकरा मिनिटांनी मोठी रक्कम, मग पुन्हा तेवढीच, पुन्हा तेवढीच. सातवा व्यवहार खात्यात शिल्लक नाही म्हणून नाकारला गेला, म्हणजे खातं रिकामं होईपर्यंत कोणीतरी ओढतच होतं. मी दिवा लावून पाकीट उघडलं तर कार्ड जागच्या जागी! ते हातात धरून मी किती वेळ नुसती उभी होते मलाच माहीत नाही.

मग कार्ड ब्लॉक करायला गेले. टोल फ्री नंबर परदेशातून लागतच नाही. अॅप उघडावं तर ते भारतातल्या सिमवर व्हेरिफिकेशन मागतं आणि ते सिम मी वेळेत रिचार्ज केलं नव्हतं, बंद पडलंय. शेवटी कार्डाच्या मागे परदेशातून करायचा वेगळा नंबर छापलेला दिसला, तो लागला, आणि सगळं मिळून चाळीस मिनिटांनी कार्ड बंद झालं. फोनवरच्या मुलाने तक्रार क्रमांक दिला आणि म्हणाला की शाखेत जाऊन फॉर्म भरा. आता मी शाखेत कशी जाणार?

मला तीन गोष्टी कळत नाहीयेत. कार्ड माझ्याजवळ, ओटीपी आला नाही, मग पैसे गेलेच कसे? पोलिसात तक्रार इथे करायची की भारतात? आणि ज्यांच्या बाबतीत हे झालंय त्यांना पैसे खरंच परत मिळाले का? आईबाबांच्या औषधपाण्याचा खर्च या खात्यातून जातो म्हणून जीव जास्त कासावीस झालाय.

सातवा_मजला

ताई, आधी थोडं पाणी प्या आणि एक गोष्ट आज रात्रीच करा, बाकी सगळं नंतर. फोनवर तक्रार नोंदवलीत ते छानच केलंत पण तेवढ्यावर थांबू नका, बँकेच्या अधिकृत तक्रार ईमेलवर लेखी पाठवा. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, सहाही व्यवहारांच्या वेळा आणि रकमा, कार्ड ब्लॉक केल्याची वेळ, फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक, आणि एक सरळ वाक्य की हे व्यवहार मी केलेले नाहीत आणि कार्ड माझ्या ताब्यात आहे. रजिस्टर्ड ईमेलवरूनच पाठवा. पुढे कोण कधी काय बोललं यावरून जेव्हा खेचाखेची होते ना तेव्हा त्या ईमेलवरची वेळ कामाला येते.

ओटीपीचं म्हणाल तर ती सवय आपल्याला भारतातल्या व्यवहारांमुळे लागलेली आहे. बाहेरच्या देशांतल्या कितीतरी वेबसाइट नुसत्या कार्ड नंबर, एक्सपायरी आणि मागच्या तीन आकड्यांवर पैसे घेतात, काही तर ते तीन आकडेही मागत नाहीत. तुमचा नंबर कधीतरी कुठल्या वेबसाइटवरून फुटला असेल किंवा प्रोग्रॅम लावून आकडे जुळवले असतील. तो पहिला किरकोळ व्यवहार म्हणजे कार्ड चालू आहे का याची चाचणी, चाललं की लगेच मोठी रक्कम. म्हणून सगळ्यांना सांगतो की अनोळखी नावाचा छोटासा व्यवहार दिसला तर रक्कम बघून सोडून देऊ नका, तेव्हाच कार्ड बंद करा.

अजून एक, कस्टमर केअरचा नंबर सर्च करून कधीच शोधू नका. तिथे खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात आणि घाबरलेला माणूस नेमका तिथेच अडकतो. कार्डामागचा किंवा स्टेटमेंटवरचा नंबर, बस. येत्या काही दिवसांत बँकेच्या फ्रॉड विभागातून बोलतोय, पैसे सुरक्षित खात्यात हलवा असा फोन येऊ शकतो, तो ठेवून द्या आणि स्वतः कार्डामागच्या नंबरवर फोन करा.

जुनं_दप्तर

मी बरीच वर्षं बँकेत कार्ड डिस्प्यूटचं म्हणजे कार्डावरच्या वादग्रस्त व्यवहारांच्या तक्रारींचं काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी डोक्यात हे पक्कं करा की तुम्ही कुठे राहता याला इथे फार महत्त्व नाही, कार्ड ज्या देशातल्या बँकेने दिलं तिथले नियम लागतात. परदेशात राहणारे बरेच लोक इथेच चुकतात, स्थानिक कायदा वाचून भारतातल्या बँकेशी भांडतात किंवा उलट. तुमचं कार्ड भारतातलं आहे तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक धरून चाला. त्यात असं आहे की चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कोणीतरी घोळ घातला, आणि बँकेचा अलर्ट आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत तर तुमच्यावर काहीच जबाबदारी नाही. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर खात्याच्या प्रकारानुसार ठरलेल्या मर्यादेपर्यंत तोटा तुमच्या गळ्यात येतो, आणि त्याच्याही पुढे गेलात तर बँकेच्या स्वतःच्या धोरणावर. अलर्ट आला तो दिवस धरत नाहीत आणि सुट्टीचे दिवस वगळतात. तुम्ही तर तासाभरात कळवलंय, म्हणजे तुमची बाजू भक्कम आहे.

कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते, त्याला शॅडो क्रेडिट म्हणतात. बऱ्याचदा त्यावर लीन असतो म्हणजे रक्कम दिसते पण काढता येत नाही, ते बघून घाबरू नका. आणि तक्रारीचा निकाल ९० दिवसांच्या आत लागायला हवा. ग्राहकाची जबाबदारी होती हे सिद्ध करायचं कामही बँकेचं, तुमचं नाही. हे वाक्य ईमेलमध्ये परिपत्रकाच्या तारखेसकट घाला, मी स्वतः टेबलाच्या त्या बाजूला बसलोय, असा ईमेल आला की फाइल वेगळ्या गांभीर्याने हाताळली जाते.

शाखेत या म्हणाले ते सोडून द्या. डिस्प्यूट फॉर्म ईमेलने मागवा, प्रिंट काढून सही करा, स्कॅन करून पाठवा. सही बँकेच्या रेकॉर्डला जुळेल अशीच करा, चार वर्षांत आपली सही बदलते आणि नेमका त्यावर फॉर्म परत येतो. फॉर्मवर कारणांचे चौकोन असतात, त्यात हा व्यवहार मी केलेला नाही यावरच खूण करा. वस्तू मिळाली नाही किंवा रक्कम चुकीची आहे यावर चुकून टिक झाली तर त्याचा अर्थ खरेदी तुम्हीच केली असा होतो आणि केस भलत्याच रांगेत जाते. व्यवहार अजून पेंडिंग दिसत असतील तर काही बँका म्हणतात की पक्के झाल्यावर डिस्प्यूट टाका, डिस्प्यूट हवं तर तेव्हा टाका, पण बँकेला कळवण्यासाठी अजिबात थांबू नका. व्हिसा मास्टरकार्डच्या चार्जबॅकला, म्हणजे तुमच्या बँकेने दुकानदाराच्या बँकेकडून पैसे परत मागायला, साधारण १२० दिवसांची मुदत असते पण ती बँकांची आपापसातली, तुम्हाला तिच्या भरवशावर बसायचं कारण नाही.

आणि ज्यांच्याकडे राहत्या देशातलं कार्ड आहे त्यांच्यासाठी. युरोपियन युनियनमध्ये अनधिकृत व्यवहार कळवला की बँकेने पुढच्या कामकाजाच्या दिवसाच्या अखेरीपर्यंत परतावा द्यायचा असतो, हरवलेल्या किंवा चोरीच्या कार्डावर ग्राहकाचा वाटा जास्तीत जास्त ५० युरो, तोही घोर निष्काळजीपणा नसेल तर, आणि कळवायला १३ महिने मिळतात. ब्रिटनमध्ये तो वाटा ३५ पौंड. अमेरिकेत क्रेडिट कार्डावर ५० डॉलरच्या पुढे जबाबदारी नाही पण डेबिटचं गणित कडक आहे, कार्ड चोरीला गेल्याचं कळल्यापासून २ कामकाजाच्या दिवसांत सांगितलं तर ५० डॉलर, नंतर ५०० पर्यंत, आणि स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांनंतर झालेल्या व्यवहारांना कसली मर्यादाच नाही. म्हणून मी पोटतिडकीने सांगतो की ऑनलाइन खरेदीला डेबिट कार्ड वापरू नका. क्रेडिटवर फ्रॉड झाला तर बँकेचे पैसे अडकतात, डेबिटवर तुमचे.

निळी_छत्री

दादा खूप खूप आभार, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. ईमेल आत्ता पाठवला, तारीख घालूनच.

एक कबूल करते. भारतात नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, आपण चालू केल्याशिवाय होत नाहीत. मागे एकदा एटीएममधून पैसे काढायचे होते म्हणून मी तो पर्याय चालू केला होता आणि नंतर बंद करायचा राहून गेला, ऑनलाइनचाही चालूच. याला माझा निष्काळजीपणा म्हणतील का?

जुनं_दप्तर

नाही. सोय चालू ठेवणं म्हणजे पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला देणं नव्हे. निष्काळजीपणा म्हणजे तुम्ही ओटीपी, पिन कोणाला सांगितलात तर. आणि तसं झालं तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. नवीन कार्ड आलं की मात्र परदेशी आणि ऑनलाइन दोन्ही बंद ठेवा, लागेल तेव्हा दहा मिनिटं चालू करा, मर्यादाही खाली आणा, ही सोय २०२० पासून सगळ्या बँकांना द्यावी लागते.

पाऊलवाट

माझा अनुभव लिहितो कारण माझ्या बाबतीत सहज सुटलं नाही आणि तो भागही कोणीतरी सांगायला हवा.

माझ्या कार्डाने एटीएममधून पैसे काढले गेले, मी राहत होतो त्यापासून बऱ्याच लांबच्या शहरात, तेही दुसऱ्या देशात. बहुतेक मागे कुठेतरी मशीनच्या फटीत लावलेल्या यंत्राने चुंबकीय पट्टी वाचली होती आणि पिन कॅमेऱ्याने टिपला होता. बँकेचं उत्तर आलं की पिन बरोबर टाकलाय म्हणजे व्यवहार तुमचाच. दोन ओळींचं उत्तर, खाली सही पण नाही. मी आठवडाभर नुसता चिडून बसलो होतो, त्याचा उपयोग काही नाही.

मग बसून पुरावे गोळा केले. ज्या मिनिटाला तिथे पैसे निघाले त्याच्या आधी नऊ मिनिटं मी इथे मेट्रोच्या गेटवर माझा पास टेकवला होता, त्याची नोंद वाहतूक कंपनीच्या साइटवरून उतरवली. पासपोर्टची सगळी पानं स्कॅन केली, त्यात त्या देशाचा शिक्काच नाही. ऑफिसकडून हजेरीचं पत्र घेतलं. आणि बँकेला लेखी एकच प्रश्न विचारला, व्यवहार चिपने झाला की पट्टीने ते कळवा. चिपची नक्कल करणं फार अवघड, पट्टीची सोपी, त्यामुळे हा प्रश्न महत्त्वाचा. उत्तर यायला वेळ लागला पण पट्टीने असं आलं.

तरी बँक हलेना तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेलो. २०२१ च्या नोव्हेंबरपासून ही योजना आहे, सगळं ऑनलाइन होतं, फी नाही, परदेशात बसून करता आलं. अट एवढीच की आधी बँकेकडे लेखी तक्रार हवी आणि ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलेलं नाही. तिथे तक्रार टाकल्यावर पैसे परत मिळाले.

पोलिसांचं विचारलंत तर मी दोन्हीकडे केलं. इथल्या पोलिसांनी तपास काही केला नसेल पण त्यांच्या कागदावर माझं नाव, पत्ता आणि त्या तारखेला मी समोर उभा होतो हे लिहिलेलं आलं, तो माझा चांगला पुरावा ठरला. भारतातली तक्रार सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर. तिथेही भारतीय मोबाइलवर ओटीपी लागतो तेव्हा ते बंद सिम आधी जिवंत करा नाहीतर भारतातल्या घरच्यांना त्यांच्या नंबरवरून तुमच्या वतीने भरायला सांगा.

सातवा_मजला

सिमवरून आठवलं, बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. मग तुमच्या बँकेचे मेसेज त्याच्या फोनवर! ते आधी बघा ताई. बऱ्याच बँका एनआरआय खात्याला परदेशी नंबर जोडून देतात, अर्ज करा.

आणि या कार्डावर काही सबस्क्रिप्शन असेल तर कार्ड बदललं म्हणजे ते आपोआप थांबलं असं समजू नका. व्हिसा मास्टरकार्डची अशी सोय आहे की नवीन नंबर दुकानदाराकडे आपोआप पोचतो. चोराने तुमच्या कार्डावर एखादी मासिक वर्गणी सुरू केली असेल तर नवीन कार्डावरही पैसे कापले जाऊ शकतात, बँकेला स्पष्ट विचारा.

निळी_छत्री

दहा दिवस झाले म्हणून कळवतेय. परवा सहाही व्यवहारांचं शॅडो क्रेडिट आलं, दादांनी सांगितलं तसा लीन आहे, पण आकडा खात्यात दिसला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून घरी फोन केला. आईबाबांच्या या महिन्याच्या खर्चाची सोय भावाने केलीय.

फॉर्म एकदा परत आला, सही जुळत नाही म्हणून! मग पासपोर्टवरची सही समोर ठेवून तशी केली, तेव्हा स्वीकारला. इथल्या पोलिसांचा कागद मिळाला, इंग्रजी भाषांतरासकट जोडला. सिम भावाने भारतात रिचार्ज करून चालू केलं, नशिबाने नंबर अजून माझ्याच नावावर होता. परदेशी नंबर जोडायचा अर्जही टाकलाय. पाऊलवाट, तुमचं वाचून मीही माझ्या त्या रात्रीच्या नोंदी काढून ठेवल्यात, लागल्या तर असाव्यात.

नवीन कार्ड बँक फक्त भारतातल्या पत्त्यावर पाठवतेय. ते भावाच्या घरी बंद पाकिटातच राहील, मी डिसेंबरमध्ये जाईन तेव्हा उघडेन. निकाल लागला की इथेच लिहिते.