डबल सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताला लागंना, काय करू?

शिरोली_फौंड्रीवाला
राम राम मंडळी. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, दिवसभर व्हॉल्व्हच फिरवतो आणि पाण्यात स्वतःच्या पाठीवरचा व्हॉल्व्ह हाताला लागंना 😀 सिंगल सिलिंडरवर मालवणला स्कूबा डायव्हिंगला बरीच वर्षं जातोय, आता ट्विनसेट (पाठीवर जोडलेले दोन सिलिंडर) शिकतोय, १२-१२ लिटरचे, सिलिंडर ज्यावर बसतात ती बॅकप्लेट स्टीलची. उजवा कसाबसा लागतो, मधल्या आयसोलेटरला (दोन सिलिंडरमधली हवा तोडायचा व्हॉल्व्ह) बोटं नुसती घासतात, डाव्याचं तर नावच नको. ५ एमएमचा सूट असतो. वय ४४. सगळे म्हणतात खांदे आखडलेत. नॉबला लांब दांडी मिळते म्हणे, ती लावू का?

खोल_पाणी
भावा लगेच खांद्याला दोष देऊ नकोस, आधी सूट काढून बघ. तलावात नुसत्या चड्डीवर सेट चढव, हात पोचला तर भानगड सूटची, काखेत आणि पाठीत आवळत असणार. तरी नाही पोचला तर सिलिंडर खाली बसलेत, सिलिंडर बांधलेले बँड सिलिंडरवर खाली सरकव म्हणजे सिलिंडर पाठीवर वर येतात. पण एका वेळी एकदोन सेंमीच, लई वर घेतलेस तर मान वर केली की डोकं मॅनिफोल्डवर (दोन सिलिंडर जोडणारी नळी) ठण्णकन बसतं आणि पाण्यात तोंडघशी पडल्यासारखा होतोस. खांद्याचे पट्टे पण बघ, तळहात आरामात आत गेला पाहिजे. आणि कोपर बाजूनं मागं न्यायचं नाही, कानाला घासून पुढून वर न्यायचं मग पंजा मानेमागं सोडायचा, दुसऱ्या हातानं सिलिंडरचं बूड वर ढकल. डावा सोडून चालणार नाही, बुडालेल्या जहाजात नाहीतर गुहेत पुढं जाताना नॉब छताला घासली की डावी बंद होत जाते, उजवी उघडत जाते. म्हणजे तुला लागत नाही नेमकी तीच.

तालमीतला_गडी
सूट बिट ठीक आहे पण ४४ ला खांदा आखडतोच की. पेठेत एवढ्या तालमी आहेत, जाऊन हलकं मुद्गल फिरव रोज, मुद्गल पाठीमागं सोडताना कोपर जिथं जातं ना अगदी तीच पोझिशन आहे ही. माझा आयसोलेटर दोन महिन्यांत हातात आला. दुखत असेल तर मात्र जोर करू नको, आधी डॉक्टरला दाखव.

पांढरा_रस्सा
दांडी अजिबात लावू नका दादा, दोरीत अडकते. आणि आयसोलेटर हाताला लागलाच पाहिजे, माझी गोष्ट सांगते. सिलिंडर भरताना कुणीतरी तो बंद ठेवला, माझंही चुकलं, मी तपासला नाही. हवेचा दाब दाखवणारं गेज डाव्या बाजूला, श्वास उजव्यातून. १५ मीटरवर दहा मिनिटं झाली तरी काटा २०० बारवरच! मला आधी वाटलं वा, आज हवा किती कमी लागतेय 🤦 मग डोक्यात प्रकाश पडला, हात मागे टाकून आयसोलेटर उघडला तर फुस्स आवाज आणि काटा सरळ १३० वर. उजव्यात ६० च उरलं होतं.

शिरोली_फौंड्रीवाला
आज सूट काढून केलं. आयसोलेटर पहिल्या झटक्यात हातात, म्हणजे खोल_पाणी भाऊ बरोबर, सूटच दोषी. बँड २ सेंमी सरकवल्यावर डाव्याला बोटं टेकली पण फिरवता काय आला नाही अजून. मुद्गल शेजारच्या काकांकडं आहे, मागून आणलंय.