एक प्रिंटर, दोन नेटवर्क: वाटून घ्यायचा की सरळ दुसरा आणायचा?

तिसरा_सबनेट:
ऑफिस एकच, नेटवर्क दोन. एक हिशेब विभागाचं, दुसरं बाकी सगळ्यांचं. दोन्ही मुद्दाम वेगळी ठेवली आहेत आणि तशीच राहायला हवीत. मोठा मल्टिफंक्शन प्रिंटर मात्र एकच, तोही हिशेबाच्या बाजूला जोडलेला. बाकीचे लोक पेन ड्राइव्ह घेऊन हिशेबवाल्यांच्या खुर्चीमागे उभे राहतात. म्हणजे जे नेटवर्क जपायचं म्हणून एवढा खटाटोप केला, त्याच्यातच दिवसभर कुणाकुणाचे पेन ड्राइव्ह खुपसले जातात!

आता वरून सूचना आली आहे की दुसरा प्रिंटर घेऊन टाका. माझा विरोध आहे. प्रिंटर दोघांपैकी कुणाच्याच नेटवर्कमध्ये ठेवू नये, त्याला स्वतःचं तिसरं नेटवर्क द्यावं. मॅनेज्ड स्विच (ज्याच्या सेटिंग बदलता येतात असा) आणि बरी फायरवॉल (नेटवर्कांमधली ये-जा गाळणारी) असेल तर एक व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवर चालणारं वेगळं नेटवर्क, वाढवायचा. दोन्ही बाजूंनी प्रिंटरच्या आयपीवर (नेटवर्कमधल्या पत्त्यावर) छपाईचा पोर्ट, म्हणजे क्रमांकाचा दरवाजा, ९१०० किंवा ६३१ उघडायचा, प्रिंटरकडून स्वतःहून कुठेही जायला बंदी. फायरवॉल चालू जोडणी लक्षात ठेवते, त्यामुळे प्रिंटरचं उत्तर परत येतं, पण नवी जोडणी तो सुरू करू शकत नाही. दोन्ही नेटवर्क एकमेकांना दिसत नाहीत, काम सगळ्यांचं होतं.

यात लोक हमखास एका जागी अडतात, ते आधीच सांगतो. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये गेटवेचा, म्हणजे दुसऱ्या नेटवर्ककडे जायच्या वाटेचा, रकाना बघा. बऱ्याचदा तो ०.०.०.० असतो नाहीतर जुन्या राउटरचा पत्ता तिथे बसलेला असतो. त्याच सबनेटमधून (नेटवर्कच्या त्याच तुकड्यातून) छापताना गेटवे लागतच नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या सबनेटमधून पाठवलेलं प्रिंटरपर्यंत पोचतं, पण उत्तर कुठून धाडायचं हे त्याला ठाऊक नसतं. मग सगळे फायरवॉलच्या नावाने बोटं मोडतात.

कागद_अडकला:
असहमत. प्रिंटरला तुम्ही निर्जीव डबा समजताय. तो एक कॉम्प्युटर आहे, आणि ऑफिसातला सगळ्यात दुर्लक्षित. ॲडमिनचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच, फर्मवेअर बसवल्या दिवसाचं, आणि बऱ्याच मोठ्या मॉडेलमध्ये आत हार्ड डिस्क, तिच्यावर छापलेल्या-स्कॅन केलेल्या कागदांच्या प्रती राहू शकतात. दोन नेटवर्क वेगळी करायची आणि दोघांचे कागद एकाच डिस्कवर साठवायचे, मग वेगळं काय राहिलं? पगारपत्रकं आणि सहलीची पत्रकं एकाच ट्रेमध्ये पडतात ते वेगळंच.

शिवाय २०२१चं प्रिंटनाइटमेअर, ते छपाईतलं गाजलेलं सुरक्षेचं भोक, विसरलात का?

तिसरा_सबनेट:
विसरलो नाही, पण ते उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ती चूक विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये (छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागात) होती, प्रिंटरमध्ये नव्हे. गरज नाही तिथे स्पूलर बंदच ठेवा, हा तेव्हाचा सल्ला. दोन नेटवर्कांच्या मध्ये विंडोजचा प्रिंट सर्व्हर बसवू नका असा त्याचा अर्थ मी घेतो. मी थेट प्रिंटरच्या आयपीवर छापा म्हणतोय, मध्ये सर्व्हर नाहीच.

डिस्कचा मुद्दा मान्य, पण त्याला उपाय आहे. एन्क्रिप्शन आणि काम झाल्यावर पुसण्याची सोय सेटिंगमध्ये असते, चालू करायची. ट्रेसाठी पिन टाकून छपाई. आणि प्रिंटरचं वेबपान उघडणारे ८० आणि ४४३ हे पोर्ट फक्त एका ॲडमिन मशीनला द्यायचे.

दोन_कार्डवाला:
एवढं कशाला? एक जुना पीसी घ्या, त्यात दोन नेटवर्क कार्डं, एक या बाजूला, एक त्या बाजूला. प्रिंटर त्याला यूएसबीने जोडायचा. आयपी फॉरवर्डिंग, म्हणजे एका कार्डावर आलेलं दुसऱ्यावरून पुढे धाडणं, बंद. लिनक्स आणि त्यावरचं छपाईचं सॉफ्टवेअर कप्स टाकलं की विंडोजच्या स्पूलरचीही भानगड नाही. व्हीलॅन नको, फायरवॉल नको.

कागद_अडकला:
आणि उद्या त्या पीसीवर कुणी विंडोज टाकलं आणि दोन्ही कार्डं निवडून 'ब्रिज कनेक्शन्स' दाबलं की भिंत गेली. कुणाला कळणारही नाही, कारण छपाई उत्तम चालू राहील. कप्सबद्दल म्हणाल तर सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्याच कप्स-ब्राउज्डमध्ये (नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणाऱ्या भागात) भोकं सापडली, यूडीपी ६३१ वर कुणाचंही ऐकत बसायचं ते. कोपऱ्यातला पीसी कुणी अपडेट करत नाही, आणि दोन्ही नेटवर्कांत पाय ठेवून उभा असलेला तोच एकटा.

दोन_कार्डवाला:
ब्राउज्ड बंद करता येतं हो.

कागद_अडकला:
येतं. करतं कोण?

स्कॅनवाली:
इथे सगळे छपाईवरच भांडताय. स्कॅनचं काय? आमच्याकडे हेच झालं. छपाई झकास सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी हिशेबवाल्या ताई म्हणाल्या, बिलं स्कॅन होत नाहीत.

छपाईत तुमचा पीसी प्रिंटरकडे जातो. 'स्कॅन टू फोल्डर'मध्ये उलटं, प्रिंटर तुमच्या पीसीकडे येतो, पोर्ट ४४५ वर, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये लिहायला. त्यासाठी पीसीचं युजरनेम-पासवर्ड प्रिंटरच्या ॲड्रेस बुकात साठवलेलं असतं. म्हणजे धागाकर्त्यांचा 'प्रिंटरकडून कुठेही जायला बंदी' हा नियम पाळला तर स्कॅन मेला, आणि स्कॅनसाठी ४४५ उघडला तर प्रिंटर दोन्ही घरांच्या किल्ल्या खिशात घेऊन मध्ये बसला. जुनी मॉडेलं तर अजून एसएमबी १ (फोल्डर शेअरिंगची जुनी, असुरक्षित पद्धत) च बोलतात, त्यांच्यासाठी विंडोजमध्ये ते मुद्दाम चालू करावं लागतं. ते तर अजिबात करू नका.

मल्टिफंक्शन असेल तर माझं मत दुसऱ्या प्रिंटरच्या बाजूने. नुसता छपाईचा असता तर धागाकर्त्यांशी सहमत.

तिसरा_सबनेट:
मुद्दा चोख आहे, पण ४४५ हा एकच रस्ता नाही. ईएससीएल (नेटवर्कवरून स्कॅन मागवायची पद्धत) असलेल्या मॉडेलमध्ये पीसीवरून स्कॅन ओढून घेता येतो. मागणी पीसीकडून जाते, दिशा छपाईसारखीच राहते. त्याला प्रिंटरचा वेब पोर्ट लागतो, तेव्हा हिशेबाच्या दोन मशीनना तो द्यावा लागेल आणि ॲडमिन पासवर्ड तगडा ठेवावा लागेल. नाहीतर स्कॅन ईमेलने, फक्त मेल सर्व्हरच्या ५८७ पोर्टला परवानगी देऊन.

स्कॅनवाली:
ओढून घेतलेला स्कॅन म्हणजे कागद प्रिंटरवर ठेवा, जागेवर या, बटण दाबा, परत जा, दुसरा कागद लावा. फीडरमध्ये गठ्ठा लावता आला तर ठीक, पण चुरगळलेली, टाचण्या लावलेली बिलं फीडरमध्ये जात नाहीत. एकदा ताईंच्या जागी बसून बघा. आठवड्याभरात कुणीतरी 'तात्पुरता' ४४५ उघडून देईल.

छोटं_ऑफिस:
आमच्यासारख्यांकडे मॅनेज्ड स्विच नसतो, दोन साधे राउटर असतात. आम्ही दुसऱ्या राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पोर्ट पहिल्याच्या लॅन (आतल्या बाजूच्या) पोर्टमध्ये जोडला आहे. जपायची मशीन आतल्या राउटरमागे, प्रिंटर बाहेरच्यावर. आतून बाहेरचा प्रिंटर आयपी टाकला की लगेच मिळतो, गेटवेचीही कटकट नाही, कारण नॅटमुळे (आतला राउटर मागणीवर स्वतःचा पत्ता लावतो) प्रिंटरला ती मागणी शेजारूनच आल्यासारखी दिसते. बाहेरून आत काही दिसत नाही. फक्त दोन्ही राउटरना १९२.१६८.१ हीच रेंज ठेवू नका, आतल्याला १९२.१६८.५० वगैरे द्या. आणि 'प्रिंटर शोधा' दाबून तो सापडणार नाही, ती शोधाशोध सबनेट ओलांडत नाही. आयपी हातानेच टाकायचा.

कागद_अडकला:
हे एकतर्फी वेगळेपण झालं. आतल्यांना बाहेरचं सगळं दिसतं, नुसता प्रिंटर नाही. वर हिशेबाची छपाई बाहेरच्या नेटवर्कमधून जाते, आणि ९१०० वर काहीही एन्क्रिप्ट होत नसतं. तिथे बसलेल्या जाणकाराने मनात आणलं तर पगारपत्रक वाटेतच वाचेल.

छोटं_ऑफिस:
आयपीपीएस (एन्क्रिप्ट केलेली छपाई) वापरावं मग. पण आमच्या बाहेरच्या नेटवर्कवर बसलेल्या जाणकाराला स्वतःचं वायफाय जोडता येत नाही, तेव्हा झोप लागते मला.

नवा_भिडू:
धाग्यातलं वाचून गेटवे टाकला, छपाई दुसऱ्या सबनेटमधून सुरू झाली, धन्यवाद. पण विंडोजमध्ये प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो. छापतो, तरी ऑफलाइन. कधीकधी काम रांगेत अडकूनही राहतं.

तिसरा_सबनेट:
प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट. तिथे 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची खूण काढा. विंडोज प्रिंटरची तब्येत यूडीपी १६१ वर विचारतो, फायरवॉलने ते अडवलं की प्रिंटर नाही असं धरून चालतो.

कागद_अडकला:
बघा. गेटवे, ९१००, १६१, ईएससीएल, पिन, डिस्क पुसणं. हे सगळं आज तुमच्या डोक्यात आहे. तुम्ही नोकरी बदललीत की पुढचा माणूस काय करेल? काही चालेना की 'एनी टू एनी अलाऊ' (कुणालाही कुठेही जायची परवानगी) टाकून मोकळा होईल, आणि मग दोन नेटवर्क फक्त कागदावर वेगळी. दुसऱ्या प्रिंटरला यातलं काही लागत नाही. तार लावा, छापा. टोनर दोन प्रकारचे ठेवावे लागतील, तेवढा त्रास मी आनंदाने घेईन.

तिसरा_सबनेट:
दुसरा प्रिंटर घेतलात तरी तो बंद पडेल त्या दिवशी लोक पेन ड्राइव्ह घेऊन पहिल्याकडेच जाणार. नाहीतर कुणी शहाणा तार काढून भलत्याच स्विचमध्ये खोचणार. नियम लिहिलेला असला तर निदान तपासता तरी येतो. मी तो छापून नेटवर्कच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवतो.

स्कॅनवाली:
कोणत्या प्रिंटरवर छापणार तेही कळवा. गंमत सोडा, मधला मार्ग सुचवते. मोठा प्रिंटर तिसऱ्या व्हीलॅनमध्ये, फक्त छपाईसाठी, सगळ्यांना. हिशेबाला एक छोटा यूएसबी स्कॅनर टेबलावर, नेटवर्कशी त्याचा संबंधच नाही. टाचण्यांची बिलं त्याच्या काचेवर. मोठ्याच्या ॲड्रेस बुकातले जुने पासवर्ड आजच पुसा, आणि त्या खात्यांचे बदलाही.

कागद_अडकला:
यूएसबी स्कॅनर चालेल. प्रिंटरबद्दल मत तेच. व्यवस्थापनाने काय ठरवलं ते इथे लिहा, आणि 'तात्पुरता' ४४५ उघडलात तर तेही लिहा.