तुरुंगातून सरकारात: कॉनराड आलर्सचं चुकलं का?

धागाकर्ता:
दोन दिवस हा माणूस डोक्यातून जात नाहीये. ऑक्टोबर १९६२ मधे पत्रकार आलर्सने 'डेर श्पीगल' ह्या पश्चिम जर्मन साप्ताहिकात लिहिलं की नाटोच्या फालेक्स ६२ सरावात पश्चिम जर्मनीच्या लष्कराला सगळ्यात खालचा शेरा मिळालाय, म्हणजे बचावाची तयारी आहे पण अटी लागू. २६ तारखेच्या रात्री श्पीगलच्या हॅम्बुर्गच्या ऑफिसात पोलीस घुसले. हा तेव्हा बायकोबरोबर स्पेनमधे टोरेमोलिनोसला सुट्टीवर, तर संरक्षणमंत्री श्ट्राउसने रात्री स्वतः माद्रिदच्या जर्मन दूतावासातल्या लष्करी अधिकाऱ्याला फोन लावला आणि हुकूमशहा फ्रँकोच्या पोलिसांनी ह्याला हॉटेलातून उचललं. आरोप काय, तर देशद्रोह! आणि १९६६ ला हाच आलर्स चॅन्सेलर (सरकारप्रमुख) कीसिंगरच्या सरकारचा उपप्रवक्ता, त्याच सरकारात अर्थमंत्री कोण, तर श्ट्राउस. मला हे पटतच नाही. ज्याच्यासाठी पोरं रस्त्यावर 'श्पीगल मेलं, स्वातंत्र्य मेलं' ओरडत होती त्याने त्या टेबलाला बसायचं?

प्रतिसाद १:
अजिबात सहमत नाही. १९६५ ला कोर्टाने खटला चालवायलाच नकार दिला होता, त्याआधी श्ट्राउसचं संरक्षण खातंही गेलं होतं, म्हणजे हा जिंकून आत गेला, शरण नाही गेला. आणि पुढचं का सोडलंत? १९६९ ते ७२ तो पुढचा चॅन्सेलर ब्रांटच्या सरकारचा मुख्य प्रवक्ता होता. १९७० चे सोव्हिएत संघ आणि पोलंडबरोबरचे मॉस्को आणि वॉर्सा करार, पोलंडची ओडर-नाइस सीमा मान्य करायची, ज्यांची घरंदारं पलीकडे राहिली त्या लाखो जर्मन लोकांसमोर हे रोज मांडायचं होतं. हे काम कुणीतरी चांगल्या माणसाने करायलाच हवं होतं ना.

प्रतिसाद २:
धागाकर्त्याशी सहमत. त्याचाच मालक, श्पीगलचा औगश्टाइन बघा, १०३ दिवस आत होता, नोव्हेंबर १९७२ ला एफडीपी पक्षाकडून बुंडेस्टागमधे (संसदेत) निवडून आला आणि जानेवारीत राजीनामा देऊन परत साप्ताहिकात. त्याला कळलं आपली जागा कुठली ते.

प्रतिसाद १:
अहो पण मतदारांचं काय? दोन महिन्यांत उठून जायचं होतं तर उभंच कशाला राहायचं? आलर्सही त्याच निवडणुकीत ब्रांटच्या एसपीडी पक्षाकडून आला आणि १९८० पर्यंत सात वर्षांहून जास्त बसला. मला तरी हेच जास्त प्रामाणिक वाटतं.

धागाकर्ता:
खासदारकीचं मान्य करतो, तिथे लोकांनी पाठवलेलं असतं, उभं राहून स्वतःचं मत मांडता येतं. माझं भांडण प्रवक्तेपदाशी आहे. लेखात त्याने सरकार जे दाबत होतं ते बाहेर काढलं, आणि प्रवक्त्याला पगारच मिळतो तो सरकारला सोयीचं तेवढंच बोलायचा. श्ट्राउस संसदेत सांगत होता माझा ह्या अटकेशी संबंध नाही, आणि फोन त्यानेच केलेला निघाला. त्या फोनमुळे जो माणूस परक्या देशात कोठडीत बसला त्याने चार वर्षांनी श्ट्राउसच्या खात्याचे निर्णय पत्रकारांना समजावून सांगायचे, हे मला आजही गिळवत नाही.

प्रतिसाद ३:
दोघांचंही वाचलं. १९८० ला तो डॉइच वेले ह्या जर्मन प्रसारण संस्थेचा प्रमुख झाला, म्हणजे शेवटी माध्यमातच परत आला, पण त्याच डिसेंबरात ५८ व्या वर्षी गेला. फार कमी वेळ मिळाला. सरकार आतून बघून आलेला आलर्स परत संपादकाच्या खुर्चीत कसा वागला असता हे बघायला मला फार आवडलं असतं.